माती, बशी आणि साहेबांची फुंकर

आमच्या प्रयोगशाळेत जंतू उगवोत न उगवोत, किस्से मात्र उगवायचे. त्यांना ना ऊब लागायची, ना खाऊ, ना वरिष्ठांची परवानगी. दोन वर्षं मी तिथे काचेच्या बश्या धुतल्या. आता सुटलो. पण चार दोस्त हॉटेलात चहा घेऊन बसले की कोणीतरी म्हणतंच, "हं, तुमच्या त्या मातीच्या दवाखान्याचं सांग न बे!" एक सांगायला घ्यावा तर त्याच्या बुडाला दुसरा चिकटलेला निघतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकू. ज्यांना राग यायचा त्यांनी यथेच्छ घ्यावा. सगळे माझ्याहून वयाने मोठे आहेत, त्यांचा रागही तेवढाच जुना आणि मुरलेला असेल.

आधी मंडळी सांगतो. प्रयोगशाळा म्हणजे वाशिमला एका कचेरीच्या मागच्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत सबनीस साहेब. शिकले नागपुरात, पण बोलायचे पुण्याचं. दुसऱ्या खोलीत नानाजी हेडक्लार्क, मूळचे मेडशीचे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तीस वर्षांच्या नोकरीत एकही निर्णय न घेतल्याचं समाधान. आणि तिसरा मी. इंटर सायन्सला कॉलेज सोडलेला. सोडलेला, काढलेला नाही. हा फरक माझ्या वडिलांना अजून कळलेला नाही.

सोडलं त्याचं कारण एवढंच. परीक्षेत म्हणाले, भिंगाखाली जे दिसतं त्याची आकृती काढ. मी दिसलं ते काढलं. प्रोफेसर म्हणाले, "पुस्तकात असं नाही." मी म्हटलं, "मग पुस्तकच ठेवा भिंगाखाली!" आणि घरी आलो. साहेबांना हे कुठूनतरी कळलं, तेव्हापासून त्यांनी माझं नावच टाकलं. मला हाक मारायचे, "ए इंटर!"

काम सोपं होतं. शेतकऱ्याच्या वावरातली माती यायची. चिमूटभर पाण्यात कालवायची, ते पाणी पातळ करायचं, आणि काचेच्या बशीत जंतूंचा खाऊ थिजवून ठेवलेला असतो त्यावर थेंबभर सोडायचं. मग बशी उबेत ठेवायची. एकेक जंतू वाढून त्याचा एकेक ठिपका होतो. ठिपके किती, किती जातींचे, ते मोजायचं. जाती जास्त तर माती जिवंत. जाती नाहीत तर माती मेलेली. झालं शास्त्र!

*

बश्या उबेत ठेवायची पेटी आमची नव्हती. ती एका जुन्या दवाखान्यातून आली. निकामी म्हणून डॉक्टरांनी टाकली आणि आम्ही हार घालून घेतली. खाली रॉकेलचा दिवा, वर काटा. डॉक्टरांना लागायचे माणसाच्या अंगातले जंतू, म्हणून काटा माणसाच्या अंगाइतक्या उबेवर बसवून त्याला लाखेचं सील मारलेलं.

मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "साहेब, मातीतला जंतू मातीत राहतो. त्याला माणसाच्या अंगाची ऊब कशाला? तो काय कोणाच्या कुशीत झोपतो?"

साहेब म्हणाले, "सील मोडायचं तर नागपूरला लिहावं लागेल."

"मग लिहू."

"लिहायचं तर कारण द्यावं लागेल."

झालं. ज्याला थंडावा मानवतो तो प्रत्येक जंतू आमच्या पेटीत मुकाट मरायचा आणि आम्ही लिहायचो, 'आढळला नाही'.

मे महिन्यात तर कहरच. वाशिमचा मे! पेटीपेक्षा बाहेरच जास्त गरम. दिवा विझवला तरी काटा वर. शेवटी साहेबांनी हुकूम काढला की पेटीवर ओलं पोतं टाका आणि दर तासाला भिजवा. ऊब द्यायची पेटी, आणि आम्ही तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवून राह्यलो!

नानाजी तांब्याने पाणी शिंपडता शिंपडता थांबले. म्हणाले, "साहेब, एक सांगा. ताप ह्या पेटीले आला हाये का आपल्याले?"

*

जंतूंना खाऊ लागतो. पुस्तकात लिहिलेलं, मांसाचा अर्क वापरा. नागपूरहून बाटली आली. साहेब कडक शाकाहारी आणि नानाजींच्या गळ्यात माळ. साहेबांनी बाटली दुरूनच पाहिली, नानाजींनी धोतराच्या सोग्याने धरून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि वर त्या किल्लीला हात लावायचंही बंद केलं. त्याच कपाटात हजेरीपत्रक होतं. सव्वा महिना आम्ही कोणीच हजर नव्हतो!

मग साहेबांनी आपल्या अकलेने मार्ग काढला. मुगाच्या डाळीचं पाणी! रोज सकाळी स्टोव्हवर मी मूग शिजवायचो, गाळायचो, त्यात थिजवायला चिनी गवत घालायचो. अर्धी डाळ नानाजींच्या डब्यात जायची, ते वेगळं.

आता ज्यांना मूग आवडतो ते जंतू आले. ज्यांना मांस आवडतं, पालापाचोळा आवडतो, ज्यांना काहीच न खाता पडून राहायला आवडतं, ते कशाला येतील? मी म्हटलं, "साहेब, पंगतीत नुसतं वरण वाढायचं आणि जो जेवला नाही तो गावात राहतच नाही म्हणायचं, असं झालं हे."

साहेबांनी ऐकलं. विचार केला. आणि वार्षिक अहवालात लिहिलं, 'या भागातील मृदाजंतू प्रायः शाकाहारी आहेत.'

नागपूरहून शाबासकीचं पत्र आलं!

नानाजींनी ते पत्र देवासमोर ठेवावं तसं फाइलीत ठेवलं. मग अगदी मनापासून काळजीत पडून विचारलं, "साहेब, उद्या एकादशी हाये. जंतूइले काय द्यायचं?"

*

आता फुंकरीचं.

चिनी गवत घातलेला खाऊ गार झाला की दह्यासारखा थिजतो. पण वाशिमच्या उन्हाळ्यात तो थिजतो कुठला! बशीत ओतला की तसाच डुचमळत राहायचा. पुस्तकात काय लिहिलं होतं? 'झाकण उघडू नये, स्वस्थ ठेवावे.' स्वस्थ राहणं साहेबांना जमायचं ते फक्त कामाच्या बाबतीत. ते बशी तोंडाशी धरायचे, झाकण उचलायचे आणि चहाच्या बशीवर मारावी तशी फुंकर मारायचे. एक नाही, तीन. फू, फू, फू! मग पुढची बशी.

साहेबांच्या तोंडाविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. डाव्या गालात कायम पान-तंबाखूचा तोबरा. उजवीकडची एक दाढ किडलेली. दात काढायला घाबरायचे, आणि दाढ दुखते म्हणून घासायलाही घाबरायचे. साहेब व्हरांड्यात शिरले की आतल्या खोलीत मला कळायचं. चपलांच्या आवाजाने नव्हे!

तर त्या तोंडाची फुंकर तालुक्यातल्या प्रत्येक बशीवर पडली. पुढे हिवाळा आला, खाऊ आपोआप थिजायला लागला, तरी फुंकर चालूच. मी म्हटलं, "साहेब, आता गरज नाही."

साहेब म्हणाले, "पद्धत म्हणजे पद्धत."

आणि खरंच, त्यांनी ती कार्यपद्धतीच्या वहीत चढवली होती. कलम सातवं, 'मंद वायूने शीत करावे.'

*

मेडशीची माती काळीभोर, पायाला चिकटली की चप्पल सोडून यावं लागेल अशी. मानोऱ्याकडची हलकी, मुरमाड. शिरपूरची दोन्हींच्या मधली. मी बापडा वाट पाहायचो, की आता काहीतरी वेगळं निघेल.

मेडशीच्या बशीत तीन जाती निघाल्या. एक पांढरी, एक पिवळी आणि एक शेंबडासारखी चिकट.

मानोऱ्याच्या बशीत पांढरी, पिवळी, चिकट.

शिरपूरच्या बशीत? ओळखा!

साहेबांनी चष्मा काढून पुसला. डोळे भरून आले होते त्यांचे. "बघ इंटर! निसर्गात किती एकवाक्यता आहे!"

"साहेब, मुरमाड रानात आणि काळ्या रानात तेच तीन?"

"तुझ्यासारख्यांना हेच समजत नाही. शास्त्र म्हणजे एकवाक्यता."

दीड वर्ष हेच. प्रत्येक गावच्या अहवालात 'तीन जाती, जमीन जिवंत'. नानाजींनी तर छापील कागदच करून घेतले, नुसतं गावाचं नाव भरायचं. भरता भरता एकदा पुटपुटले, "भलतेच चिवट पाहुने हाये बाप्पा. ज्या गावाले जावं, तेच तीन बसेल हाये!"

*

गोदामाय आमच्याकडे आली ती डोक्यावर टोपली घेऊन. गावाबाहेर नाल्याच्या काठी तिची वाडी. वांगी, सांबार, मेथी, मुळे. रोज सकाळी बाजारात बसायची आणि उरलंसुरलं परत जाताना साहेबांच्या घरी द्यायची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात हे साहेबांना तिनेच शिकवलं होतं. नवरा गेला तेव्हापासून एकटीच राबायची. जमीन सरकारी, वर्षावर्षाच्या कराराने मिळालेली. दरवर्षी कागद नवा.

त्या वर्षी कोणा शहाण्याने ठरवलं की करार नवा करण्याआधी मातीचा दाखला आणा. माती मेलेली असेल तर करार बंद आणि त्या जागेवर मोकाट जनावरांचा कोंडवाडा.

गोदामायने मातीचा डबा माझ्या टेबलावर आपटला. "हे घे बाबू. पाहून घे जित्ती हाये का मेली."

मी म्हटलं, "माय, वांगे तर मस्त आले हाये तुये."

"वांग्याले कोन इचारते? म्हन्ते, साहेबाच्या काचेत उगवलं पाहिजे! वीस साल झाले मी त्या मातीत हात घालून राह्यली. ते मेली असती त मले समजलं नसतं? मानूस मेलं त घरच्याइले समजते का साहेबाले?"

नानाजींनी डब्याला नंबर दिल्याशिवाय तपासणी होत नाही, आणि नंबराची वही बांधणीला गेलेली. वही येईपर्यंत डबा खिडकीत. उन्हात. सतरा दिवस! मी म्हटलं, "नानाजी, डब्यात जीव आहेत. भाजून मरतील."

नानाजी वर न बघता म्हणाले, "मरत असन त मातीच कमजोर. सरकारी डब्याचा काय दोष?"

*

वही आली त्या दिवशी साहेब रजेवर. मेहुणीचं लग्न. जाताना सांगून गेले, "इंटर, बशी लावून ठेव. मी उद्या येतो."

मी पुस्तकाबरहुकूम केलं. खाऊ ओतला, झाकण उघडलं नाही, सकाळच्या गारव्यात स्वस्थ थिजू दिला. वर गोदामायच्या मातीचा थेंब. बशी पेटीत.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, अंगावर लग्नातलं अत्तर आणि तोंडाला नेहमीचं. बशी काढली. कोरी. कोपऱ्यात एक बारीकसा ठिपका असेल नसेल.

"साहेब, एका दिवसात काय दिसणार? काही जंतू सावकाश उगवतात. आठ दिवस, पंधरा दिवस राहू द्या."

"डाक उद्या जाते."

"मग पुढच्या डाकेला."

"इंटर, जो पहिल्या दिवशी उगवला तो जंतू. जो नंतर उगवतो तो आळशीपणा."

मला कॉलेजचे दिवस आठवले. हीच माणसं, हाच नियम. घंटेच्या आत ज्याला उत्तर आलं तो हुशार, बाकीचे नव्हतेच.

साहेबांनी लाल शाईने लिहिलं, 'जमीन मृत. नेहमीच्या तीन जातींपैकी एकही नाही.' सही केली, आणि घरी जाऊन गोदामायच्या वांग्याचं भरीत जेवले.

*

मी ती बशी धुतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कामचुकारपणा कारणी लागला. शिवाय जाऊन तिच्या वाडीतली ताजी माती आणली. मूग नाही, काही नाही, तिच्याच मातीचं पाणी उकळून गाळलं, तेच थिजवलं, त्यावर तीच माती. ज्याचं घर त्याचंच जेवण! आणि दोन्ही बश्या पेटीत न ठेवता व्हरांड्यातल्या रांजणामागे ठेवल्या. तिथे ओल, अंधार, गारवा. जंतू म्हणून जन्माला आलो असतो तर मीही तिथेच राहिलो असतो.

पहिला आठवडा, काही नाही. दुसऱ्या आठवड्यात जुन्या बशीवरही चार ठिपके आले आणि नवीवर तर जत्रा भरायला लागली. खडूच्या भुकटीसारखे, जांभळे, किरमिजी, केसाळ, चकचकीत, एकावर एक चढलेले. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर बशीला ओल्या ढेकळाचा वास! मी तेवीस जाती मोजल्या. मग चिमूटभर माती सरळ भिंगाखाली धरून पाहिली, तर जे बशीत आले त्यांच्या कितीतरी पट तिथे नुसते पडून होते. त्यांना आमची कोणतीच पंगत मान्य नव्हती.

धावत गेलो. "साहेब, तेवीस! गोदामायच्या मातीत तेवीस जाती! आणि भिंगात दिसतात ते तर मोजताच येत नाहीत!"

साहेबांनी बशी नाकापासून हातभर लांब धरली. "कुठे ठेवली होतीस?"

"रांजणामागे."

"किती दिवस?"

"एकवीस."

"खाऊ?"

"तिच्याच मातीचं पाणी."

साहेबांनी बशी खाली ठेवली. "पेटीत नाही, एका दिवसात नाही, मुगावर नाही. आणि म्हणे तेवीस! रांजणाला सरकारी मान्यता नाही."

"आणि भिंगात दिसतात ते?"

"जो बशीत उगवत नाही तो जंतू नव्हे. तो कचरा."

*

त्या रागात मी एक उद्योग केला. तीन बश्यांत नुसता खाऊ ओतला. माती नाही, थेंब नाही, काहीच नाही. दोन साहेबांपुढे सरकवल्या, रोजच्या ढिगात. फू, फू, फू! तिसरी तशीच झाकून ठेवली, आणि मग तिन्ही पेटीत.

दुसऱ्या दिवशी तिसरी बशी कोरी. आणि त्या दोन?

पांढरी, पिवळी, चिकट!

दीड वर्ष आम्ही मेडशी, मानोरा, शिरपूर म्हणून जे जंतू मोजत होतो ते एकाच गावचे होते, आणि ते गाव साहेबांच्या उजव्या दाढेपाशी वसलेलं होतं!

आता हे वरिष्ठांना कसं सांगावं, याचा काही शिष्टाचार असेल. मला ठाऊक नव्हता. मी तिन्ही बश्या टेबलावर मांडल्या आणि म्हटलं, "साहेब, ह्यात माती नाही. हे तुमच्या तोंडातले आहेत."

नानाजींच्या हातून दौत पडली.

साहेब लाल झाले, पांढरे झाले, पिवळे झाले. चिकट ते आधीपासून होतेच. म्हणाले, "इंटर फेल झालेल्या पोराने मला शास्त्र शिकवायचं? तुझ्या हातांची घाण आहे ती! उद्यापासून बश्यांना हात लावायचा नाही. नुसता मूग शिजवायचा!"

बाहेर आल्यावर नानाजींनी मला बाजूला घेतलं. वाटलं, चला, म्हातारा एकदा तरी बाजू घेणार. ते कानाशी लागले, "अबे येड्या, खरं असलं त असू दे. पन साहेबाच्या तोंडातलं हाये म्हन्ल्यावर ते सरकारीच झालं न!"

*

गोदामायला मीच जाऊन सांगितलं. ती वाफ्यात बसून मेथी खुडत होती. करार संपायला महिना राहिला होता आणि कोंडवाड्यासाठी खांब येऊन पडले होते, तिच्याच बांधावर.

मी सगळं सांगितलं. तेवीस जाती, रांजण, पेटी, मूग, फुंकर. साऱ्यांच्या बश्यांवर साहेब फुंकतो, तुझ्या दिवशी तो लग्नाला गेला होता, म्हणून तुझी माती मेली.

ती म्हणाली, "म्हंजे माह्या मातीतले तेवीस चालत नाइ?"

"नाही."

"आन् त्याच्या तोंडातले तीन चालतात?"

"हो."

"हं," एवढंच म्हणाली, आणि मेथी खुडत बसली. मला वाटलं, बाईला काही कळलं नाही. मी आपला तणतणत घरी आलो. आम्ही शिकलेले, तेही अर्धवट!

*

आणि आता हे शेवटचं.

हिवाळ्यात नागपूरहून मोठे साहेब तपासणीला आले. उंच, कमी बोलणारे, हातात आमची कार्यपद्धतीची वही. व्हरांड्यात गोदामाय टोपली घेऊन बसलेली. नानाजी तिला "ऊठ, ऊठ" करत असतानाच ती सरळ मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, माह्यी माती पुन्यांदा पाहा. तुमच्या डोयाम्होर पाहा. मेली निघाली त मी सोता खांब गाडतो."

बाईमाणसाच्या तोंडी आमच्याकडे 'मी गाडतो' येतं, ते मोठ्या साहेबांना ठाऊक असावं. ते हसले नाहीत. सबनीस साहेबांकडे वळून म्हणाले, "ठीक आहे. आत्ता लावा बशी, वहीत लिहिलंय त्याच पद्धतीने. मी उद्यापर्यंत डाक बंगल्यात आहे."

धावपळ झाली. मी मूग शिजवला. साहेबांनी टाय सरळ केला, मोठ्या साहेबांसमोर बसायचं म्हणून तोबरा थुंकून आले, आणि खाऊ बशीत ओतला. हिवाळाच होता. खाऊ हळूहळू थिजायला लागला. साहेब ओठ मिटून, पाठ ताठ करून बसले. मोठ्या माणसासमोर त्यांना फुंकायची लाज वाटली असावी.

मी घामाघूम. आता ह्याने फुंकर नाही मारली तर बशी कोरी, आणि बशी कोरी तर कोंडवाडा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोदामाय दारातून पुढे आली.

"अवो साहेब, फुका न!"

सबनीस साहेब दचकले. "काय?"

"साऱ्याइच्या बशीवर फुकता म्हन्ते. मेडशीवाल्याच्या बशीवर फुकलं, मानोऱ्यावाल्याच्या बशीवर फुकलं. माह्याच बशीनं काय पाप केलं? मी बिनमानसाची बाई म्हनून माह्यावर फुकायचं नाइ का?"

मोठे साहेब वहीतून वर पाहत म्हणाले, "हे फुंकण्याचं काय आहे?"

सबनीस साहेबांच्या कपाळावर घाम. नानाजी मदतीला धावले, "हाये साहेब, हाये! कलम सातवं. मंद वायू!"

मोठ्या साहेबांनी कलम सातवं काढलं, बोट ठेवून वाचलं. म्हणाले, "मग ते का गाळताय? पद्धत म्हणजे पद्धत."

सबनीस साहेबांनी झाकण उचललं. फू.

"अजून, साहेब," गोदामाय हात जोडून म्हणाली. "साऱ्याइले तीन तीन हाये."

फू. फू.

मी खिडकीबाहेर पाहत होतो. हसू दाबताना मान दुखते, हे त्या दिवशी कळलं. मोठ्या साहेबांनी गोदामायने टोपलीतून आणलेली माती पाण्यात कालवून स्वतःच्या हाताने वर थेंब सोडला आणि बशी पेटीत ठेवून पेटीला स्वतःची चिठ्ठी चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी काढली. आम्ही चौघे वाकून, गोदामाय दारात उभी.

बशी नुसती फुललेली. पांढरी, पिवळी, चिकट!

"उत्तम!" मोठे साहेब म्हणाले. "तिन्ही आहेत. अगदी मेडशीसारखी जमीन. सबनीस, पहिल्या वेळी तुमच्याकडून काहीतरी राहून गेलं असणार."

सबनीस साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुगाच्या पातेल्याकडे. मग त्यांनी निळ्या शाईने लिहिलं, 'जमीन जिवंत', आणि सही केली. एका वर्षासाठी करार नवा झाला. दुपारी बांधावरचे खांब उचलले.

संध्याकाळी गोदामाय टोपली घेऊन आली. मोठ्या साहेबांना डझनभर वांगी दिली. नानाजींना मुळे दिले. माझ्या हातात सांबाराची एवढी जुडी कोंबली. मग टोपलीच्या तळातून कडुनिंबाच्या कोवळ्या काड्यांचा, सुतळीने नीट बांधलेला एक जुडगा काढला आणि सबनीस साहेबांपुढे दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, तुमच्यासाठी दातवन आनलं. माह्याच वाडीच्या काठचा लिंब हाये, लय गुनाचा."

साहेबांनी जुडगा घेतला. ती पदर सावरून दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि मागे वळून म्हणाली,

"पन घाई नाइ, बरं का. पुढच्या सालची तपासनी झाल्यावरच वापरजा!"